अकरा खोट्या हजेऱ्या

मोठ्या बाईंनी मला माणसात आणलं, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. काय झालं, कसं झालं, मी मध्येच काय माती खाल्ली, ते मागाहून येईलच. पण वाचणाऱ्यानं चार ओळींत कंटाळून कागद खाली ठेवला तरी एवढं त्याच्या कानावर गेलेलं असावं. दुसरी गोष्ट अशी की मुलताईपासून सुरतेपर्यंत, तापीच्या दोन्ही काठांवर, फुलपाखरांची रोज हजेरी घेणारं माणूस एकच झालं, आणि ते म्हणजे बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या मोठ्या बाई. कोणाला पटत नसेल तर त्यानं दुसरं माणूस आणून दाखवावं. लोक हसले, अजून हसतात. हसोत. त्या हसणाऱ्यांपैकी एकालाही रुईच्या पानाखाली काय चाललंय हे सांगता आलेलं नाही.

हजेरी म्हणजे खरोखरची हजेरी. शाळेचं उभ्या-आडव्या रेघांचं जाड हजेरीबुक, कानावर तांबडी पेन्सिल, काखेत छत्री, अंगावर नऊवारी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, अशा थाटात बाई सकाळी साताच्या ठोक्याला बहादरपूरच्या वाटेवरच्या नाल्यावर जात. उंची पावणेपाच फूट. आवाज मात्र पलीकडच्या शेतात जाऊन उतरणारा. नाल्याच्या दोन्ही बाजूंना रुई, टाकळा, एरंड, बोरी, काटेरी नेपती अशी कोणी न लावलेली आणि कोणी न तोडलेली झाडोऱ्याची पट्टी होती. तिथं उभं राहून बाई एकेक नाव पुकारत, थांबत, बघत. दिसलं की 'ह', नाही दिसलं तर 'गै', आणि 'गै' तांबड्या पेन्सिलीनं. रविवारी हजेरी नसे. मी एकदा विचारलं, "बाई, रविवारी का नाही?" तर म्हणाल्या, "का? त्यांना सुट्टी नको?"

पुस्तकातली इंग्रजी नावं बाईंना ठाऊक नव्हती, आणि मराठीत तर फुलपाखरू या एका शब्दावर सगळ्यांची बोळवण. बाईंना हा वर्गाचा अपमान वाटे. "चाळीस मुलींना तू 'ए पोरी, ए पोरी' म्हणूनच हाक मारशील का?" म्हणून त्यांनी नावं ठेवली, तीही आपल्या रीतीनं. आपल्याकडं माणूस ज्या गावचा, त्या गावाचं आडनाव लावतो. फुलपाखराचं गाव म्हणजे ज्या झाडाच्या पानावर त्याची अळी वाढते ते झाड. म्हणून रुईवरची ती रुईकर, टाकळ्यावरची टाकळकर, एरंडावरची एरंडे, लिंबोणीवरची लिंबाळे. पुढं रूपगुण पाहून नाव. रुईकर मंदा ही तांबूस, काळ्या काठाची, जन्मात कधी घाई न केलेली; रुईचा कडू चीक तिच्या अंगात मुरलेला असतो, त्यामुळं पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत आणि तिला ते माहीत असतं. लिंबाळे चंचला अर्धं मिनिट एका जागी बसली तर बाई तिला शाबासकी देत. टाकळकर बेबी जुन्या रुपयाएवढी, पिवळीधमक. आणि नेपतीच्या काट्यांतली नेपते कुंकू: पांढरीशुभ्र, पंखांच्या टोकांना कोणी कुंकवाची बोटं पुसावीत तशी. ही बाईंची लाडकी, पण त्या कबूल करत नसत. "शिक्षिकेला लाडकं कोणी नसतं," असं म्हणत, आणि तिचं नाव पुकारताना आवाज आपोआप खाली येई. असा अडतीस नावांचा पट होता.

त्या सुमाराला राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूरची राजधानी सुटली होती आणि आम्ही भोपाळच्या हाताखाली गेलो होतो. रोज नवी माणसं, नव्या पाट्या, नवे फॉर्म. असाच एक नवा शिपाई, नर्मदेपलीकडचा, एका सकाळी नाल्यावरून चालला होता. एक म्हातारी झुडपांकडं तोंड करून मुलींची नावं पुकारतेय आणि उत्तर आलं नाही की "हीही गैरहजर" म्हणून मान हलवतेय, हे त्यानं बघितलं. तासाभरात ठाण्यातून चार माणसं काठ्या घेऊन नाल्यात उतरली. सात मुली बेपत्ता. बाई शांतपणे म्हणाल्या, "शोधा. मीही तेच करतेय." खरा प्रकार कळल्यावर हवालदार चिडला, तर बाईंनी उलट त्यालाच धरलं. "सात जणी नाहीशा झाल्यात हे ऐकूनसुद्धा तुम्ही परत चाललात?" हवालदारानं काठी काखेत मारली आणि तो ठाण्याकडं चालू लागला. 

भोपाळहून पेन्शनसाठी बाई हयात असल्याचा फॉर्म आला, तोही हिंदीत. बाईंनी मराठीत भरून पाठवला. परत आला. पुन्हा मराठीतच गेला. शेवटी कचेरीतला कारकून घरी येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्हाला हिंदी येत नाही असं थोडंच आहे?" बाई म्हणाल्या, "येते की. हिंदीत मी भाजी घेते. हयात मात्र मराठीत आहे." कारकून मराठीच होता, त्यानं तो फॉर्म खिशात घातला आणि पुढं काय केलं कोण जाणे, बाई सरकारदरबारी हयात राहिल्या.

घरी जावं तर अंगणातली लिंबोणी आणि कढीपत्ता बाईंच्या मालकीचेच नव्हते. शेजारीण फाटकातून म्हणे, "बाई, दोन काड्या द्या ना, माझं वरण उतरून राहिलं." बाई वर बघून पानं मोजत. "आज नाही जमायचं गं. वर नऊ जण जेवायला बसलेत." शेजारीण वर बघे, हिरव्या अळ्या दिसत, आणि ती बिनकढीपत्त्याचं वरण खायला घरी जाई. पाहुण्यांना बुऱ्हाणपुरी दराब्याची मिठाई पोटभर मिळे, पण पोह्यांवर कढीपत्ता मागायची कोणाची छाती नव्हती. एकदा कोणी कॉलेजातले गृहस्थ जाळी, टाचण्या आणि काचेची पेटी घेऊन फुलपाखरं धरायला आले. बाईंनी त्यांना चहा पाजला, टाचण्या आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवून घेतल्या, आणि ती जाळी पुढं कित्येक वर्षं त्यांच्या दह्याच्या गाडग्यावर होती. "टाचणी मारून कोणी हजर राहत नसतं," एवढंच त्या गृहस्थांना सांगितलं.

आता मी या सगळ्यात कुठून आलो ते सांगतो. मी कोकणातला, मालवणच्या खालच्या अंगाचा. चौथीत शाळा सोडली. शेतात किडे मारायची भुकटी उडवायची यंत्रं विकणाऱ्या एका माणसाबरोबर फिरत फिरत इकडं आलो. त्यानं बहादरपूरच्या एका मोठ्या केळीवाल्या पाटलांना यंत्र विकलं आणि तो निघून गेला. यंत्र चालवायला गावात कोणी तयार होईना, म्हणून मी उरलो. म्हणजे यंत्राबरोबर आलेला मी. गळ्यात पट्टा, छातीवर डबा, उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि नळीतून पांढरी भुकटी उडवायची. केळीवर, कपाशीवर, आणि वारा फिरला की माझ्यावर. मला गावात नाव नव्हतं. सगळे पावडरवाला म्हणत. मी जन्माचा घाबरट. पाटील नुसते खोकले तरी वाटे, आज काढतात. आणि काढलं तर इतक्या लांबून गावी कुठल्या तोंडानं जायचं? कोणाकडून तरी लिहून घेऊन आईला पत्र धाडलं होतं, की मला मशीनवर काम लागलंय.

पहिल्यांदा मी बाईंच्या दारात पाणी मागायला गेलो तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो. बाईंनी आधी माझ्यावर दोन बादल्या ओतल्या आणि मग प्यायला तांब्या दिला. मी पाणी पितोय तोवर चौकशी सुरू.

"कितवी?"

"चौथी."

"पास की नापास?"

"सोडली."

"शाळा अशी सोडता येत नाही. दाखला घेतलास?"

"नाही."

"मग सुटली कुठं? तू अजून पटावर आहेस."

आणि आत जाऊन त्यांनी हजेरीबुकात एकोणचाळिसाव्या ओळीवर माझं नाव लिहिलं. फुलपाखरांच्या खाली. त्या गावात माझं खरं नाव पहिल्यांदा कोणी लिहिलं ते तिथं. मग मागची खोली मिळाली, संध्याकाळी पाटी मिळाली, खोकल्यावर सुंठ-गूळ मिळाला. अंगावर भुकटी घेऊन घरात यायचं नाही, आडावर कपडे धुवायचे, हा नियम मिळाला. काम सोड असं त्या मला कधीच म्हणाल्या नाहीत. यंत्राकडं मात्र सवतीकडं बघावं तसं बघत. एकदा म्हणाल्या, "ही भुकटी तू मारल्यावर पुढं कुठं जाते, ते बघत जा. यंत्राला डोळे नाहीत. तुला आहेत."

या हजेरीचं खूळ बाईंना लागलं कसं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शाळेत असताना एका साली पहिल्या बाकावरच्या पाच मुली अचानक यायच्या बंद झाल्या. पहिला बाक म्हणजे सगळ्यात बारक्या, अशक्त मुलींचा. दुसरी कोणी असती तर पालकांना बोलावून झाडलं असतं. बाई घरोघर गेल्या. पाचही जणींना हगवण. बाई परत आल्या आणि त्यांनी शाळेच्या आडाला कुलूप घातलं. वरचे लोक म्हणाले, पन्नास मुली धडधाकट आहेत, पाच आजारी पडल्या म्हणून आड बंद? बाईंनी किल्ली दिली नाही. आड उपसला तेव्हा तळाशी मेलेलं कुत्रं निघालं. "दांडग्या मुली सगळ्यात शेवटी आजारी पडतात," बाई मला सांगत. "त्या पडेपर्यंत वाट बघणारा मास्तर आंधळा. पट वाचायचा तो पहिल्या बाकावरून. आणि या शिवाराचा पहिला बाक कोण? केळी नाही, बैल नाही, तू-मी नाही. ही." आणि रुईवर झुलणाऱ्या मंदाकडं बोट.

तर असा हा पट. पलीकडं दापोऱ्याच्या शिवारात आदल्या साली लोकांनी बांध साफ केले आणि वर भुकटी मारली. बाईंनी तिथं जाऊन हजेरी घेतली, ती अडतिसांपैकी एकोणीस भरली. त्या पावसाळ्याअखेर बहादरपूरच्या बागाईतदारांनी ठरवलं की नाल्याची पट्टीसुद्धा साफ करायची आणि दोन्ही अंगांनी भुकटी मारायची, कारण किडे तिथं लपतात. दसऱ्याच्या आधी बैठक ठरली. बाई कंबर कसून तयार झाल्या. रोजची हजेरी आता त्यांच्या लेखी पुरावा होती. आणि बैठकीला तीन आठवडे उरले असताना त्या नाल्याच्या शेवाळावरून घसरल्या. पाय मोडला. जसोंडीच्या वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि खाटेवरून उतरायचं नाही म्हणून बजावलं. बाईंनी हजेरीबुक माझ्या हातात दिलं. माझ्या. चौथी नापासही न झालेल्या माणसाच्या.

पहिला आठवडा मी अगदी मन लावून हजेरी घेतली. लाज वाटायची, पण नावं पुकारली. मग एक दिवस पाटलांनी मला बाजूला घेतलं. "नाल्याच्या वरच्या अंगाला उद्या मारून दे, भो. बैठकीच्या आधीच. कोणाला सांगू नको."

मी मारून दिली. हे मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. दांडा माझ्याच हातानं फिरला.

दुसऱ्या दिवशी सातला मी तिथंच बुक घेऊन उभा राहिलो. टाकळा पांढरा, रुई पांढरी. रुईच्या पानाखाली मंदाच्या अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या. पटातल्या काही जणी वरच्या अंगाच्या, बाकीच्या खालच्या. खालच्या अंगाच्या जणी आल्या, वरच्या अंगाच्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत, चौथ्या दिवशीही नाहीत. अकरा जणी. घरी गेलो की बाई खाटेवर उशीला टेकून बसलेल्या असत. "बोल." मी नाव वाचायचो आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडावर. "रुईकर मंदा." मी म्हणालो, "हजर." त्या हसल्या. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मग मला थांबता येईना. लिंबाळे चंचला हजर. एरंडे हजर. टाकळकर हजर. नेपते कुंकूला तर मी म्हणालो, "हजर, दोनदा दिसली." जिनं मला पाणी पाजलं तिला वाईट बातमी कशी द्यायची, एवढाच माझा विचार होता. शिवाय ती बातमी माझ्याच हातची होती. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस असं काही करून बसतो की शत्रूनंही करू नये.

बैठक मारुतीच्या पारावर भरली. बाई बैलगाडीत गादी घालून आल्या, कामट्या बांधलेला पाय बंदुकीसारखा पुढं. शेतकीचे साहेब आलेले, हिंदी बोलणारे, सभ्य माणूस. बाईंनी सगळं नीट सांगितलं: आड, पहिला बाक, दापोऱ्याचे एकोणीस, आपल्या नाल्याचे अडतीस. "ही पट्टी ठेवा. एवढंच मागते. ही आहे तोवर पाण्यात काय आहे हे आपल्याला आधी कळेल." लोक ऐकत होते. मग पाटील उठले.

"बाई, तुम्ही म्हणून राहिल्या की पावडरनं फुलपाखरं जातात."

"जातात."

"बराबर. मग ऐका सगळे. नाल्याच्या वरच्या अंगाला पावडर मारून आज पंधरा दिवस झाले. हा पावडरवाला बसला, विचारा त्याला. आता बाई, तुमचंच बुक उघडा. वाचा पंधरा दिवस."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग बुक उघडलं. आणि वाचलं, कारण बुकात जे आहे ते वाचायचं ही त्यांची आयुष्यभराची सवय. "हजर. हजर. हजर." आवाज हळू होत गेला. साहेब अगदी नरमाईनं म्हणाले, "बाईजी, रजिस्टर तो आप ही का है." बाईंनी त्या पानावरून एकदा बोट फिरवलं. एखाद्या धूर्त माणसानं आकड्यांत काही खोट काढली असती. बाईंनी बुक मिटलं आणि म्हणाल्या, "मग माझंच चुकलं असेल. हजेरीबुक खोटं बोलत नाही."

मी आयुष्यात पुष्कळ प्रसंगी गप्प बसलोय. त्याचा मला सराव आहे. पण त्या बाईनं भोपाळला जुमानलं नव्हतं, ठाण्याला जुमानलं नव्हतं, आणि ती माझ्या 'ह'पुढं मान खाली घालून बसली होती. मी उभा राहिलो. 

"बाई, त्या अकरा जणी नव्हत्या. मी खोटी लावली."

 पाटील म्हणाले, "बस खाली. कोणाची भाकर खाऊन राहिला, ध्यानात ठेव."

"ध्यानात आहे, पाटील. भुकटी मीच मारली. आल्या नाहीत ते मीच बघितलं. लिहिलं तेवढं खोटं."

"मग आज खरं बोलून राहिला कशावरून?"

याला उत्तर बाईंनी दिलं.  त्यांनी कानावरची तांबडी पेन्सिल काढली, बुक पुन्हा उघडलं आणि मला म्हणाल्या, "नावं सांग. कोण, कुठं, काय बघितलंस."

मी सांगत गेलो. रुईकर मंदा, रुईच्या पानाखाली अळ्या काळ्या पडलेल्या. पहिल्या नावाला लोक हसले. टाकळकर बेबी, नाल्याच्या ओल्या मातीवर पंख मिटून पडलेली, मुंग्या ओढत होत्या. एरंडे, एरंडाच्या तिसऱ्या झाडाखाली. दर नावाला बाई एक 'ह' खोडत आणि वर 'गै' लिहीत. सहाव्या-सातव्या नावापर्यंत हसणं थांबलं होतं, कारण ज्या झाडाचं मी नाव घेई ते कोणाच्या ना कोणाच्या बांधावरचं होतं आणि खोटं बोलणाऱ्याला इतकं बारीक माहीत नसतं. अकरावं नाव नेपते कुंकू. ती मेलेलीही दिसली नव्हती. नुसती नव्हती. मी ते सांगितलं. बाईंनी तो 'ह' सगळ्यात सावकाश खोडला.

मग मागून दापोऱ्याचा एक पाहुणा उठला, वयस्क माणूस, उपरणं सावरत. "मी बोलू का? आमच्याकडं गेल्या साली पावडर मारली. यंदा माझ्या मांडवावर गिलक्याला फुलं येऊन राहिली मस्त, फळ एक नाही धरत. बायको म्हणते, तुमच्याच हाताला यश नाही. मी वर्षभर ऐकून घेऊन राहिलो." तो बाईंच्या गाडीकडं वळला. "बाई, ते फुलावर बसणारं सगळंच गेलं काय हो?"

"जा आणि तुमच्या बायकोला सांगा," बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे म्हणून."

जिंकलो असं काही नाही. वरचं अंग गेलंच होतं. खालच्या अंगाला एक वर्ष हात लावायचा नाही, एवढं ठरलं, तेही कुरकुरत. पाटलांनी मला तिथंच सांगितलं, यंत्र ओसरीवर ठेव आणि उद्यापासून येऊ नको. मी यंत्र त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. 

परतीच्या वाटेवर बाई गाडीत आणि मी मागून चालत.  निम्म्या वाटेवर बाई म्हणाल्या, "खोटी हजेरी लावणारा मास्तर माझ्या शाळेत एक दिवस टिकला नसता."

"मी मास्तर नाही, बाई."

"म्हणून तर टिकलास." आणि थोड्या वेळानं, "अकरा हजेऱ्या देणं लागतोस माझ्या. एकेक जण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मला सांगायचं. मग मी तिथं पुन्हा 'ह' लिहीन. तोवर तसंच राहील ते पान. उद्या पाटी घेऊन ये, तुझे जोडाक्षरांचे वांधे आहेत."

काम नसलेल्या माणसाला त्यांनी दोन वर्षं मागच्या खोलीत ठेवलं आणि सातवीच्या परीक्षेला बसवलं. पास झालो. त्या अकरा जणींपैकी मात्र एकही त्या दोन वर्षांत नाल्यावर फिरकली नाही. त्या जोरावर मला गावाकडच्या सरकारी रोपवाटिकेत नोकरी लागली. रोपं उगवायची, मारायचं काही नाही. निघताना मी बाईंना म्हणालो, "बाई, आता शाळा सोडल्याचा दाखला द्या." त्या म्हणाल्या, "अकरा हजेऱ्या कुठं आहेत? आधी त्या दे. दाखला दिला की पटावरून नाव कमी होतं, माहीत आहे ना?"

तेव्हा मी घरापासून लांब होतो, आता बाईंपासून लांब आहे. कोकणात रुई आहे, एरंड आहे, टाकळा तर पावसाळ्यात अंगणात शिरतो. मंदा पहिल्याच साली दिसली, आपली सावकाश. मी कार्ड लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं, त्यावर एकच अक्षर, 'ह'. चंचला दिसली, बेबी दिसली, एरंडे दिसली. अशा दहा जणी झाल्या, दहा कार्डं आली. अलीकडं बाईंचा हात थरथरतो, म्हणून कार्ड दुसरंच कोणी लिहितं. खाली बारीक अक्षरात असतं, 'बाईंच्या सांगण्यावरून, पाटलांची नात'. तीच आता सातला नाल्यावर जाते म्हणे. आणि पाटील दर दसऱ्याला बैठकीत आवाज चिडका ठेवून विचारतात, "बाई, यंदा पट किती?"

उरली ती नेपते कुंकू. तिचं गाव ती काटेरी, कोरड्या मातीतली नेपती. आमच्या पावसाच्या मुलखात ती उगवतच नाही. मी पुष्कळ शोधलं. इथं ती दिसायची नाही. तिच्यासाठी बुऱ्हाणपूरलाच जायला हवं, आणि रजा मिळत नाही, आई म्हातारी झाली, असं करत मी जायचं लांबवत आलोय. खरं कारण मला ठाऊक आहे. अकरावी हजेरी दिली की दाखला मिळेल, आणि दाखला मिळाला की एकोणचाळिसावी ओळ रिकामी होईल.

पण बाई, मी येतो. या पावसाळ्याअखेर नक्की येतो. नाल्याच्या वरच्या अंगाला नेपती पुन्हा फुटलीय असं पाटलांच्या नातीनं लिहिलंय; तिथं सातला येऊन बसेन आणि दिसेपर्यंत उठणार नाही. दिसली की तुमच्या खाटेशी येऊन खरं खरं सांगेन, एकदाच दिसली तर एकदाच म्हणेन. दाखला मात्र मागणार नाही. तो तुमच्याकडंच राहू द्या.